विश्लेषण : जखम समजून घेण्यासाठी गोळ्या झाडणारा सर्जन… थिओडोर कोखर कोण होते?

शस्त्रक्रियागृहातील ट्रेमध्ये दातेरी टोकाचा एक चिमटा हमखास असतो. मुंबईतले मोठे रुग्णालय असो वा तालुक्याच्या गावातले छोटे, परिचारिका त्याला एकाच नावाने ओळखतात. उच्चार मात्र कुठे कोकर्स, कुठे कोचर्स असा होतो. हा चिमटा थिओडोर कोखर या स्विस शल्यविशारदाच्या नावाचा. थायरॉइड ग्रंथीवरील कामासाठी १९०९ चे नोबेल मिळवणारे कोखर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या आयुष्यातला दुसरा अध्याय तुलनेने कमी सांगितला जातो. बंदुकीची गोळी शरीरात शिरल्यावर नेमके काय करते, हे त्यांनी अनेक वर्षे प्रयोग करून तपासले. गोळी कमी क्रूर करता येईल का, हा प्रश्न त्यांनी जाहीरपणे मांडला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत कोलकात्याजवळच्या डमडम येथे नेमकी उलट दिशेने जाणारी, शरीरात उमलणारी गोळी तयार झाली. त्यावरून जगभर वादळ उठले. घरगुती साच्यात पोकळ टोकाच्या गोळ्या ओतण्याचा छंद जगात काही ठिकाणी आजही आहे. या गोळ्यांभोवतीचा वाद समजून घ्यायचा, तर कोखर यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

पोकळ टोकाची गोळी म्हणजे काय?

शिसे मऊ असते आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीच्या विस्तवावरही ते पातळ करता येते. त्यामुळे कारखान्यातली काडतुसे येण्याआधी कित्येक पिढ्यांचे सैनिक आणि शिकारी आपल्या गोळ्या स्वतःच ओतत. बंदुकीसोबत तिच्या मापाचा साचाही मिळत असे. या साच्यात गोळीच्या टोकाच्या जागी खुंटी ठेवली की ओतलेल्या गोळीच्या तोंडाशी खळगा राहतो. हीच पोकळ टोकाची, म्हणजे हॉलो पॉइंट गोळी. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शिकाऱ्यांना ती चांगली परिचित होती.

हा खळगा दिसायला किरकोळ असला, तरी परिणाम मोठा करतो. शरीरातील मऊ उतींमध्ये बहुतांश पाणी असते. वेगाने शिरणाऱ्या गोळीच्या खळग्यात त्या उती दाबल्या जातात, हा दाब खळग्याच्या भिंतींना बाहेर ढकलतो आणि गोळीचे तोंड छत्रीसारखे उघडते. गोळीचा व्यास वाढतो, तिचा वेग झपाट्याने कमी होतो आणि तिची बहुतेक ऊर्जा शरीरातच खर्ची पडते. जखम रुंद होते. गोळी आरपार जाण्याची शक्यता मात्र कमी होते. शिकारी याकडे जनावर लवकर पडते म्हणून पाहतो, शल्यविशारद फाटलेल्या उती म्हणून आणि कायदा अनावश्यक यातना म्हणून. अमेरिकेत छंद म्हणून गोळ्या ओतणारे लोक अजून आहेत. भारतात मात्र शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे.

कोखर यांची जडणघडण कशी झाली?

एमिल थिओडोर कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात झाला. वडील अभियंता होते. आई मोरेव्हियन या साध्या, कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथातली होती. वडिलांची मोजमापाची सवय आणि आईची श्रद्धा, दोन्ही मुलात उतरल्या. कोखर आयुष्यभर धार्मिक राहिले. शस्त्रक्रियेतील यशाचे श्रेय स्वतःकडे न घेण्याकडे त्यांचा कल होता.

बर्नमध्येच वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८६५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. नंतरची वर्षे त्यांनी युरोपातील मोठ्या शल्यविशारदांचे काम जवळून पाहण्यात घालवली. झुरिकमध्ये थिओडोर बिलरोथ, बर्लिनमध्ये बर्नहार्ड फॉन लांगेनबेक आणि ब्रिटनमध्ये स्पेन्सर वेल्स यांच्याकडून ते बरेच शिकले. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेचा मार्ग नुकताच दाखवला होता. तो स्वीकारणाऱ्या पहिल्या काही लोकांत कोखर होते. १८७० मध्ये त्यांनी निखळलेला खांदा बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हाडवैद्यकात ती आजही त्यांच्या नावाने शिकवली जाते.

१८७२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते बर्न विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक आणि इन्सेलस्पिटाल या रुग्णालयाच्या शल्यविभागाचे प्रमुख झाले. पुढे इतर शहरांतून बोलावणी आली, पण त्यांनी बर्न सोडले नाही. तब्बल ४५ वर्षे ते याच शहरात शिकवत आणि शस्त्रक्रिया करत राहिले. घाईने, दिमाखात शस्त्रक्रिया करण्याचा तो काळ होता. कोखर मात्र संथपणे काम करत. रक्तस्राव होऊ न देणे, प्रत्येक रक्तवाहिनी आधी पकडून मगच कापणे, ही त्यांची रीत. दातेरी चिमटा हा त्याच रीतीचा भाग होता.

शल्यविशारद बंदुकीकडे कसा वळला?

याचे कारण शेजारच्या युद्धात होते. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपीय राष्ट्रांनी ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे स्फोटक गोळे आणि गोळ्या युद्धात न वापरण्याचा करार केला. शत्रूच्या सैनिकाला लढण्यास असमर्थ करणे पुरेसे आहे, त्यापलीकडे यातना वाढवण्याचा हक्क कोणाला नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. दोनच वर्षांत फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. रणांगणावर अशा जखमा दिसू लागल्या, की आत एखादा स्फोट झाला असावा असे डॉक्टरांना वाटे. प्रवेशाचे छिद्र लहान, पण आतले हाड चूर आणि बाहेर पडण्याची जागा मोठी. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर स्फोटक गोळ्या वापरल्याचे आरोप केले.

हे आरोप खरे होते का, हा प्रश्न राजनैतिक होता. त्याचे उत्तर मात्र प्रयोगशाळेतून यायला हवे होते. साधी शिशाची गोळी केवळ वेगामुळे स्फोटासारखी जखम करू शकते का? स्वित्झर्लंड तटस्थ देश होता. युद्धाच्या अखेरीस सुमारे ८७ हजार फ्रेंच सैनिकांनी सीमा ओलांडून तिथे आश्रय घेतला होता. स्विस लष्कराकडे तेव्हा व्हेटर्ली ही १०.४ मिलिमीटर व्यासाची आधुनिक रायफल होती. कोखर यांनी तीच हाती घेतली. १८७५ मध्ये त्यांचा या विषयावरील पहिला लेख आला आणि १८८० मध्ये लाइपझिगहून गोळ्यांच्या जखमांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

प्रयोगांतून काय निष्पन्न झाले?

त्या काळी स्फोटासारख्या जखमांची अनेक कारणे सांगितली जात. आदळताच गोळी उष्णतेने वितळते आणि शिशाचे थेंब चहूकडे उडतात, असे काही जण मानत. रायफलच्या नळीतून मिळालेल्या फिरकीमुळे उती बाहेर फेकल्या जातात, असे काहींचे मत होते. तिसरी बाजू पाण्याच्या दाबाची होती. कोखर यांनी कोणतेही मत आधी गृहीत धरले नाही. गोळीचा वेग, धातू आणि लक्ष्य हे घटक एकेक करून बदलत परिणाम पाहणे, ही त्यांची पद्धत होती.

कोरडे आणि ओले लक्ष्य यांतील फरक सर्वात बोलका होता. कोरड्या वस्तूतून गोळी भोक पाडून निघून जाई. तीच वस्तू पाण्याने भरलेली असेल तर फुटे. पाणी दाबले जात नाही. ते मिळालेला धक्का सर्व दिशांना पोहोचवते. मेंदूने भरलेली कवटी, भरलेले मूत्राशय, रक्ताने भरलेले यकृत हे सगळे या दृष्टीने बंद भांड्यासारखे वागतात. कोखर यांचा निष्कर्ष असा, की स्फोटाचा आभास हा मुख्यतः पाण्यातून पसरणाऱ्या दाबाचा परिणाम आहे. वेग वाढला की तो वाढतो. गोळी आदळून चपटी झाली, तिचा व्यास वाढला, तर आणखी वाढतो.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना उपयोगी ठरणारा होता. एकीकडे त्याने फ्रँको-प्रशियन युद्धातील आरोपांची हवा काढून घेतली, कारण तशा जखमांसाठी स्फोटक गोळीची गरज नव्हती. दुसरीकडे, जखम मोठी करायची असेल तर कोणत्या गोष्टी वाढवाव्या लागतात, हेही त्यातून स्पष्ट झाले. कोखर यांचा हेतू मात्र निःसंदिग्ध होता. कारणे कळली, तर ती कमी करता येतील. जखमांच्या बॅलिस्टिक्सला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत आज त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते यामुळेच.

स्वतःची चूक त्यांनी कशी जाहीर केली?

मोजायचे आणि परिणामांना सामोरे जायचे, हा स्वभाव त्यांच्या दुसऱ्या कामात अधिक ठळकपणे दिसला. आल्प्सच्या खोऱ्यांतील माती आणि पाण्यात आयोडीन कमी असते. त्यामुळे बर्नच्या परिसरात गलगंडाचे रुग्ण फार होते. गळ्याची गाठ इतकी वाढे, की श्वास कोंडे. ही शस्त्रक्रिया भीतीदायक मानली जाई. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांमुळे मृत्यू इतके होत, की बिलरोथ यांच्यासारख्या दिग्गजानेही काही वर्षे ती करणे सोडले होते. कोखर यांनी सावध पद्धतीने ती सुरक्षित केली. रुग्ण वाचू लागले. यश मिळाले असे वाटत असतानाच वेगळीच गोष्ट समोर आली.

१८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली होती. काही काळाने तिच्या गावाकडच्या डॉक्टरांनी कळवले, की मुलीत मोठा बदल झाला आहे. त्या वेळी या पत्राचे गांभीर्य पुरते लक्षात आले नाही. १८८२ मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्दिन यांनी अशाच निरीक्षणांचा उल्लेख केला. तेव्हा कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा तपासणीसाठी बोलावले. ती मुलगी आली. तिची उंची खुंटली होती, चेहरा सुजलेला होता, बुद्धी मंदावली होती. तिच्यापेक्षा लहान बहीण तिच्यापुढे निघून गेली होती. पूर्ण ग्रंथी काढलेले १८ रुग्ण तपासणीला आले, त्यांपैकी १६ जणांत कमीअधिक प्रमाणात हीच लक्षणे दिसली.

हा धक्का कोणत्याही शल्यविशारदाला झाकून ठेवावासा वाटला असता. शस्त्रक्रिया यशस्वी होती, जखम भरली होती, रुग्ण जिवंत घरी गेला होता. कोखर यांनी एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत हे सर्व निष्कर्ष मांडले. कर्करोगासारखे कारण नसेल तर यापुढे संपूर्ण ग्रंथी काढायची नाही, असे त्यांनी ठरवले आणि पाळले. शोधाचे पहिले श्रेय कोणाचे, यावरून रेव्हर्दिन यांच्याशी त्यांचा वाद झाला आणि त्या वादात पहिला मान जिनिव्हाकडे जातो, हेही नमूद करायला हवे. पण थायरॉइड ग्रंथी शरीराला आवश्यक आहे, हे जगाला पटले ते कोखर यांच्या या प्रांजळ आकडेवारीमुळे.

माणुसकीची गोळी ही कल्पना काय होती?

१८८० च्या दशकात बंदुकाच बदलत होत्या. स्वित्झर्लंडमधील थुन येथील दारूगोळा कारखान्याचे एदुआर्द रुबिन यांनी १८८२ मध्ये शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे वेष्टन असलेली गोळी तयार केली. चार वर्षांनी फ्रान्सने धूरविरहित दारूची रायफल आणली. नव्या दारूमुळे वेग इतका वाढला, की उघडे शिसे नळीतील खाचांत खरवडले जाऊन अडकू लागले. त्यामुळे धातूचे वेष्टन अपरिहार्य झाले. व्यासही घटला. स्विस लष्कराची १८८९ ची रायफल ७.५ मिलिमीटरची होती.

ही गोळी आदळून चपटी होत नसे. मऊ उतींतून ती बऱ्याचदा सरळ, अरुंद वाट काढून निघून जाई. कोखर यांच्या प्रयोगांनी जे सांगितले होते त्याच्याशी हे जुळत होते. १८९४ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी गोळ्यांमध्ये माणुसकीच्या दृष्टीने कोणत्या सुधारणा हव्यात, या विषयावर व्याख्यान दिले. गोळीचा व्यास लहान असावा, धातू असा असावा की आदळल्यावर आकार बदलणार नाही, ही त्यांची दिशा होती. सैनिक लढण्यास असमर्थ व्हावा, पण जगला तर धड जगावा. पुढच्याच वर्षी लहान व्यासाच्या गोळ्यांच्या जखमांवर त्यांचा नवा ग्रंथ आला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लष्करांनी वेष्टन स्वीकारले ते मुख्यतः नळी साफ राहावी, गोळी लांब आणि अचूक जावी म्हणून. माणुसकी हा त्यासोबत आलेला लाभ होता. गरज आणि दया एका दिशेने चालत होत्या तोवर कोणाची हरकत नव्हती. दोघींच्या वाटा फुटल्या त्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर.

डमडमची गोळी कुठून आली?

१८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तक्रार केली, की .३०३ रायफलची नवी, पूर्ण वेष्टनाची गोळी लागूनही धावून येणारा पठाण थांबत नाही. गोळी आरपार जाते आणि तो चालून येतच राहतो. कोलकात्याजवळच्या डमडम येथील दारूगोळा कारखान्याचे कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी यावर उपाय काढला. गोळीच्या टोकावरचे वेष्टन थोडे मागे ठेवून शिसे उघडे सोडले. आदळताच ते पसरू लागले. कारखान्याच्या गावाचे नावच या प्रकाराला चिकटले. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत या गोळ्या वापरल्या गेल्या. ब्रिटनमध्येही त्याच सुमारास पोकळ टोकाची मार्क फोर ही गोळी तयार झाली. १८९८ च्या सुदान मोहिमेत तर सैनिकांना साध्या गोळ्यांची टोके कानशीने घासायला बसवण्यात आले.

अशा हाताने केलेल्या फेरफारांचा धोका झाडणाऱ्यालाही होता. वेष्टन तळाशी उघडे असे. टोकही उघडे केले, की मधला शिशाचा गाभा नळीतून पुढे निघून जाई आणि वेष्टन आत अडकून राही. पुढची गोळी झाडताच नळी फुटण्याची भीती असे. घरच्या घरी गोळीचा आकार बदलण्याचे प्रयोग धोक्याचे मानले जातात, त्यामागे असा अनुभवही आहे.

युरोपात या गोळ्यांविरुद्ध ओरड सुरू झाली. जर्मनीतील ट्युबिंगन येथील शल्यविशारद पाउल फॉन ब्रुन्स यांनी १८९८ मध्ये भीषण जखमांचे प्रयोग प्रसिद्ध केले. ब्रिटिशांनी आक्षेप घेतला, की ब्रुन्स यांनी वापरलेल्या गोळ्या डमडमच्या नव्हत्या, तर जास्त शिसे उघडे असलेल्या शिकारीच्या होत्या. हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. कोखर यांनी ज्या बाबतीत काटेकोरपणा दाखवला, म्हणजे नेमके काय झाडले आणि कशावर झाडले, नेमक्या त्याच ठिकाणी हा वाद अडकला होता.

हेग परिषदेत काय ठरले?

१८ मे १८९९ रोजी हेगमध्ये पहिली शांतता परिषद सुरू झाली. स्वित्झर्लंडसारख्या छोट्या तटस्थ देशाच्या प्रतिनिधीनेही या गोळ्यांवर बंदीचा आग्रह धरला. ब्रिटनच्या बाजूने सर जॉन आर्डा यांनी डमडमचा बचाव केला. सुसंस्कृत देशाचा सैनिक गोळी लागली की मागे हटतो, पण रानटी शत्रू हटत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. म्हणजे वाद गोळीच्या आकाराचा राहिला नव्हता. ती कोणाच्या शरीरात शिरणार, यावर येऊन ठेपला होता.

जाहीरनामा मंजूर झाला. मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत, त्यात गाभा पूर्ण न झाकणाऱ्या आणि चिरा दिलेल्या वेष्टनाच्या गोळ्याही आल्या, असे त्यात म्हटले गेले. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले. ब्रिटनने १९०७ मध्ये तो स्वीकारला. मात्र त्यात एक मोठी पळवाट होती. करार करणाऱ्या राष्ट्रांमधील युद्धांपुरताच तो बंधनकारक होता. पठाण, सुदानी किंवा वसाहतींतील अन्य कोणी त्या टेबलाशी बसलेले नव्हते. ज्यांच्यावर या गोळ्या प्रत्यक्ष झाडल्या गेल्या, त्यांना या जाहीरनाम्याचे संरक्षण नव्हतेच.

कोखर यांचा अंदाज कुठे कमी पडला?

पसरत नाही ती गोळी माणुसकीची, हे समीकरण अर्धेच खरे ठरले. त्याचे कारण कोखर यांच्याच प्रयोगांत होते. गोळी चपटी झाली नाही तरी केवळ वेगामुळे पाण्याचा दाब उती फाडू शकतो, हे त्यांनी स्वतः दाखवले होते. १९०५ पर्यंत जर्मनीने हलकी, अणकुचीदार टोकाची, अधिक वेगवान गोळी स्वीकारली होती. अशी गोळी शरीरात शिरल्यावर आडवी होऊन कोलांटी घेते. वेष्टन शाबूत, कायद्याचा भंग नाही, तरीही जखम भयंकर. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मनी आणि फ्रान्स यांनी एकमेकांवर डमडम गोळ्या वापरल्याचे आरोप केले. हे आरोप १८७० च्या आरोपांची आठवण करून देणारे होते. फरक इतकाच, की आता अशा जखमांचे शास्त्रीय स्पष्टीकरण उपलब्ध होते. कोखर तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि तटस्थ बर्नमध्ये अजून काम करत होते.

नोबेल आणि अखेरची वर्षे कशी होती?

१८९२ मध्ये आलेले त्यांचे शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक अनेक भाषांत गेले. अमेरिकेतील मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रणेते हार्वे कुशिंग १९०० मध्ये बर्नला येऊन त्यांच्याकडे काम करून गेले. १९०५ मध्ये ब्रसेल्सला भरलेल्या आंतरराष्ट्रीय शल्यविशारदांच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद कोखर यांना मिळाले. १९०९ मध्ये थायरॉइडचे शरीरक्रियाशास्त्र, विकृती आणि शस्त्रक्रिया यांवरील कामासाठी नोबेल जाहीर झाले. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. पुढे १९१२ मध्ये त्यांनी बर्न विद्यापीठाला संशोधनासाठी दोन लाख स्विस फ्रँक दिले. त्यातून उभी राहिलेली संस्था आजही त्यांच्या नावाने चालते.

थायरॉइडच्या सुमारे पाच हजार शस्त्रक्रिया त्यांच्या खाती जमा झाल्या आणि मृत्यूचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले. १९१३ च्या उन्हाळ्यात लेनिन आपल्या पत्नीला, नादेझ्दा क्रुप्स्काया यांना, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेसाठी कोखर यांच्याकडेच घेऊन आले होते. जुलै १९१७ मध्ये एका तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी कोखर यांना रुग्णालयात बोलावण्यात आले. त्यानंतर त्यांची प्रकृती बिघडली आणि २७ जुलै १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ आले. ज्या गाठी कापण्यात त्यांचे आयुष्य गेले, त्या हळूहळू नव्या पिढीत दिसेनाशा झाल्या.

आज या वादाची स्थिती काय?

युद्धात पसरणाऱ्या गोळ्या वापरणे हा १९९८ च्या रोम करारानुसार युद्धगुन्हा आहे. २०१० मध्ये ही तरतूद देशांतर्गत सशस्त्र संघर्षांनाही लागू करण्यात आली. त्याच वेळी अनेक देशांचे पोलीस गर्दीच्या ठिकाणी हॉलो पॉइंट गोळ्या वापरतात. गोळी आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागू नये, हे त्याचे कारण सांगितले जाते. म्हणजे सैनिकाला जी गोळी मना, ती नागरिकावर चालते. या विसंगतीवर कायदेतज्ज्ञ अजून वाद घालतात.

या वादाचे उत्तर केवळ गोळीच्या आकारात सापडणार नाही, हे कोखर यांच्या आयुष्यातून दिसते. किती वेगाला किती जखम, कोणत्या आकाराला किती फाटणे, हे शास्त्र सांगू शकते. ते आकडे हाती आल्यावर बर्नच्या डॉक्टरने जखम लहान करण्याचा मार्ग शोधला. तेच तत्त्व उलटे वापरून जखम मोठी करणारी गोळी डमडमच्या कारखान्यातून निघाली. दोघांनीही पाण्याच्या दाबाचा नियम नाकारला नाही. समोरचा जखमी आपल्यासारखाच माणूस आहे का, या प्रश्नावर त्यांची उत्तरे वेगळी होती. आपल्या हाताखालून गेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे पाहायला त्याला परत बोलावणारा डॉक्टर म्हणून कोखर लक्षात राहतात. चित्राल आणि तिराहच्या डोंगरांतील जखमींना मात्र असे कोणी परत बोलावले नाही.